तीस सेकंदांचं विमान आणि अर्धं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो, कारण जो भेटतो तो मला एकच प्रश्न विचारतो, "किती वाजले?" किती वाजले ते मला माहीत नाही. ते काम भिंतीवरच्या घड्याळाचं. मी वाजलेलं सांगत नाही, लागलेलं सांगतो. कुठून तरी सुरू झालेली गोष्ट कुठे तरी संपेपर्यंत किती वेळ लागला, एवढंच मला कळतं. पण जेवढं कळतं तेवढं सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत चोख कळतं. याचा मला थोडा गर्व आहे, तो तुम्ही चालवून घ्या.

मी मुठीत मावणारी एक गोल डबी आहे. अंगावर निकेलचा मुलामा होता, तो आता कडेनं उडाला आहे. मोठा काटा साठ सेकंदांत एक फेरी घालतो. वरच्या छोट्या तबकडीतला काटा मिनिटं मोजतो, तीही तीसच. डोक्यावर एक कळ आहे. एकदा दाबली की मी सुटतो, दुसऱ्यांदा दाबली की थांबतो, तिसऱ्यांदा दाबली की शून्यावर येतो. तीच कळ फिरवली की मला किल्ली बसते.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला, असं माझ्या पाठीवर कोरलेलं आहे. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला आठवतं ते जबलपूर. सैन्यासाठी ट्रक बनवणारा एक कारखाना होता आणि त्याच्या मागे गाड्यांची चाचणी घ्यायचा सरळ रस्ता होता. त्या रस्त्यावर पाचशे मीटरच्या अंतरानं दोन पांढरे खांब रोवले होते. एके दिवशी तिथल्या साहेबांनी मला एका चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हातात दिलं. घरचे आणि कारखान्यातले सगळे त्याला तेव्हापासूनच बापूसाहेब म्हणायचे. अंगानं काटकुळा, पण हात दगडासारखा स्थिर. असा हात मिळायला नशीब लागतं.

आमचं काम सोपं होतं. नवा ट्रक लांबून वेग घेत यायचा. पहिला खांब येईपर्यंत ड्रायव्हरनं वेग एकसारखा धरून ठेवलेला असायचा. ट्रकचं नाक पहिल्या खांबाशी आलं की बापूसाहेब कळ दाबायचे, दुसऱ्या खांबाशी आलं की पुन्हा दाबायचे. मग वहीत लिहायचे, पाचशे मीटर, तीस सेकंद. अंतर भागिले वेळ. म्हणजे ताशी साठ किलोमीटर. संपलं. कुणी नवशिका आला आणि गाडी जागची हलताच कळ दाबू लागला, तर बापूसाहेब त्याच्या बोटावर टिचकी मारायचे. म्हणायचे, "उभ्या गाडीवर नाही दाबायची भाऊ. चालत्या गाडीवर दाबायची."

चौतीस वर्षं आम्ही हे केलं. एकदा मोठे साहेब विजेवर चालणारं नवं यंत्र घेऊन आले आणि त्याची आमच्याशी तुलना केली. दहा गाड्यांत आमच्या दोघांत जेमतेम दोन दशांश सेकंदाचा फरक पडला. साहेबांनी बापूसाहेबांशी हस्तांदोलन केलं. माझ्याशी नाही केलं, पण मी त्यांच्या डाव्या हातातच होतो, तेव्हा अर्धा मान माझा. पुढे ती विजेची यंत्रं आली आणि मला यादीतून काढून टाकलं. बापूसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी शाल-नारळाबरोबर त्यांच्या दोस्तांनी मलाही त्यांच्या हातात ठेवलं. आम्ही दोघं जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या घरी आलो.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. मी एका खणात पडलो. शेजारी बामची बाटली, रबरबँडांचा गुंता आणि कुठल्या कुलपाच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेल्या चार किल्ल्या. घड्याळाला किल्ली मिळाली नाही की त्याच्या आतलं तेल थिजत जातं. दुखत नाही काही, पण आपण आहोत की नाही असं वाटू लागतं.

मला त्यातून बाहेर काढलं अवंतीनं. अवंती ही बापूसाहेबांची नात. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि बाम शोधायला आली होती. त्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या शर्यती माझ्यासमोर होऊ लागल्या. बापूसाहेब तिला पढवायचे, "अंतर भागिले वेळ. एवढं आलं की वेग आला." ती ते पाढ्यासारखं म्हणायची. आम्हा दोघांनाही फार कौतुक वाटायचं. त्या कौतुकात पुढे काय वाढून ठेवलं होतं, ते आम्हाला कुठून कळणार?

अवंती मोठी झाली, तिच्या हातात मोबाइल आला आणि मी पुन्हा बामच्या शेजारी गेलो. मग आलं हे वर्ष.

अवंती अकरावीत फिजिक्समध्ये नापास झाली. सत्तरपैकी एकोणीस गुण, पास व्हायला तेवीस हवे होते. शाळेनं सांगितलं की जूनमध्ये सप्लिमेंटरी परीक्षा द्या. त्यात पास झाली तर बारावी, नाही झाली तर अकरावी पुन्हा करा, नाहीतर विषय बदला. नेपियर टाउनमध्ये क्लास लावला होता. तिथले सर वीस गणितं फळ्यावर लिहून द्यायचे आणि म्हणायचे, "फॉर्म्युला लगाओ, आगे बढ़ो." कोणता फॉर्म्युला आणि का, हे विचारायला तिथे सवड नव्हती.

खणाला फट होती, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. एका संध्याकाळी तिची आई प्रतिमा अगदी मायेनं म्हणाली, "कॉमर्स घे न बेटा. त्यात का वाईट आहे? काहून एवढा जीव काढून राहिली?"

रागावलेल्या आईला उत्तर देता येतं. आईनं आपल्यासाठी आशा सोडून दिली आणि वर प्रेमानं बोलली, तर भांडायचं कुणाशी? अवंती खोलीत येऊन माझ्या खणाला टेकून बसली. तिला सायन्सच हवं होतं. लहानपणापासून तिला दुसरं काही आवडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब पुढे झाले. आता ते एकोणऐंशीचे होते. "दाखव मला," ते म्हणाले. "चालीचीच गणितं आहेत न? माझा जन्म गेला त्यात."

पहिलंच गणित विमानाचं निघालं. एक विमान थांबलेल्या अवस्थेतून निघतं, वेग एकसारखा वाढवत वीस सेकंदांत पाचशे मीटर धावतं आणि उडतं. उडताना त्याचा वेग किती? अवंतीनं भागाकार केला. पाचशे भागिले वीस, सेकंदाला पंचवीस मीटर. बापूसाहेबांनी मान डोलावली. पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं तर पन्नास.

"छापायची चूक आहे," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी लाल पेनानं पन्नास खोडून पंचवीस केलं.

पुढच्या विमानाचंही उत्तर दुप्पट. त्यापुढच्याचंही. बापूसाहेबांनी तीही खोडली. चौथं उत्तर खोडल्यावर ते म्हणाले, "अख्खं पुस्तकच चुकीचं छापलंय. पोरं नापास होतील नाही तर काय?"

अवंती हळूच म्हणाली, "आजोबा, क्लासमध्ये पण सर लोग डबलच सांगतात."

"मग सरांनी विमान मोजलंय का कधी? आपण मोजू." असं म्हणून ते उठले, खण उघडला आणि मला बाहेर काढलं. पाच वर्षांनी मला किल्ली बसली. मित्रांनो, त्या क्षणी मी इतका सुखावलो की आपण एका भांडणात साक्षीदार म्हणून चाललो आहोत, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

ओळखीचा रिक्षावाला गौतम आम्हाला डुमन्याच्या विमानतळाकडे घेऊन गेला. कुंपणाच्या बाहेरून एक कच्चा रस्ता जात होता आणि कुंपणाचे खांब तीन-तीन मीटरवर होते. खांब दिसले आणि बापूसाहेबांचे डोळे चमकले. विमान जिथून सुटतं तिथे ते मला घेऊन उभे राहिले. अवंती आणि गौतम रिक्षानं पुढे गेले. चाकं जमिनीवरून सुटली की अवंतीनं फोनवर सांगायचं आणि कोणता खांब ते ध्यानात ठेवायचं, असं ठरलं.

तेवढ्यात पहारेकरी आला. "बाबूजी, इधर क्या कर रहे हैं?"

बापूसाहेबांनी मला त्याच्यापुढे धरलं. "नातिन का फिजिक्स कर रहे हैं."

त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं, कानाशी लावलं आणि परत दिलं. "फोटो मत खींचिएगा, बस," तो म्हणाला, आणि पुढे काय होतं ते बघायला तिथेच उभा राहिला.

दुपारचं छोटं विमान धावपट्टीच्या टोकाशी येऊन थांबलं. पंखे घोंघावले. विमान हललं आणि बापूसाहेबांच्या अंगठ्यानं कळ दाबली. मी सुटलो. फोनमधून अवंतीचा आवाज आला, "सुटलं." अंगठा पुन्हा खाली आला. फोनवरचा आवाज जरा उशिरा पोचतो, ही गोष्ट मला आवडली नाही, पण सांगतो कुणाला? तीस सेकंद.

अवंती खांब मोजत पायी परत आली, गौतम तिच्या मागून हळूहळू रिक्षा घेऊन आला. तीनशे एक खांब. "म्हणजे मधल्या जागा तीनशे, आजोबा," अवंती म्हणाली. "नऊशे मीटर."

"शाब्बास," बापूसाहेब म्हणाले. "आता भाग."

नऊशे भागिले तीस, सेकंदाला तीस मीटर. ताशी एकशे आठ किलोमीटर. बापूसाहेबांचा चेहरा खुलला. "बघ. पुस्तकवाल्यांनी हे दोनशे सोळा छापलं असतं."

गौतम रिक्षाला टेकून ऐकत होता. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "बाबूजी, एक सौ आठ में उड़ जाता है ये? हमारे जीजा कटनी रोड पे बोलेरो एक सौ दस चलाते हैं. वो तो आज तक नहीं उड़ी."

पहारेकरी हसला. अवंतीही हसली. बापूसाहेबांनी वहीकडे पाहिलं, विमान गेलं त्या आभाळाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

"घड्याळ म्हातारं झालंय," ते म्हणाले. "जास्त वेळ दाखवून राहिलंय."

चौतीस वर्षांच्या सोबतीनंतर हे ऐकायचं होतं. माझा इतका संताप झाला की काटा थरथरला असेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? पण खरं सांगू, संतापाच्या खाली भीतीही होती. पाच वर्षं खणात पडलेल्या घड्याळाला स्वतःची खात्री कशी असणार? खरंच मी बिघडलो असलो तर?

तिथून थेट गोरखपूरच्या बाजारात, शालिग्रामजींच्या दुकानात नेलं मला. जबलपुरात किल्लीची घड्याळं उघडणारे आता फार उरले नाहीत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझी पाठ उघडली, आत फुंकर मारली, तेलाचा एक थेंब दिला. मग मला आणि मोबाइलला एकदम सुरू केलं आणि दहा मिनिटं शेजारी शेजारी ठेवलं. ती दहा मिनिटं मला चौतीस वर्षांपेक्षा मोठी वाटली.

"बापूसाहेब," शालिग्रामजी म्हणाले, "दहा मिनिटांत पाव सेकंदाचाही फरक नाही. घड्याळ ठणठणीत आहे. दुसरं काही बघा."

मी सुटलो, मित्रांनो. आतल्या आत मोठा श्वास घेतला. पण बापूसाहेबांचा चेहरा पाहिला आणि आनंद अर्धा झाला. मी बरोबर, खांब बरोबर, भागाकार बरोबर, आणि उत्तर तरी बोलेरोचं. मग चुकलं कोण? ते एकदम थकल्यासारखे दिसू लागले.

रिक्षा नेपियर टाउनवरून निघाली, कारण अवंतीला क्लासच्या नोट्स घ्यायच्या होत्या. सिग्नलला थांबलो होतो. मी अवंतीच्या हातात होतो. हिरवा दिवा लागला, गौतमनं रिक्षा हलवली आणि सवयीनं तिनं माझी कळ दाबली.

बापूसाहेब तिच्याहूनही जास्त सवयीनं बोलले, "आत्ताच काहून दाबली? उभ्या गाडीवर नाही दाबत. तिला आधी चाल घेऊ दे."

"अभी दबाया तो क्या होगा, आजोबा?"

"वेग कमी निघतो न बेटा. सुरुवातीला गाडी रांगत असते. तो रांगण्याचा वेळ सगळा त्यात मिसळतो, आणि मग..."

ते बोलता बोलता थांबले. रिक्षा बरीच पुढे गेली. मी अवंतीच्या मुठीत टिकटिक करत होतो.

"आजोबा," अवंती म्हणाली, "विमान तर उभंच होतं."

बापूसाहेबांनी हळूहळू मान हलवली. "हो. उभंच होतं. आणि मी उभ्यावर कळ दाबली."

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. अवंतीला मार्चचा पेपर मागितला. चालीच्या प्रकरणावर मिळून बारा गुणांचे तीन प्रश्न होते. एकात गाडी थांबलेली होती आणि निघाली, एकात दगड वरून सोडला होता, एकात विमान. तिन्ही वस्तू सुरुवातीला उभ्या. तिन्ही ठिकाणी अवंतीनं अंतराला वेळेनं भागलं होतं. तिन्ही उत्तरं नेमकी निम्मी.

प्रतिमा दाराशी उभी होती. बापूसाहेब तिला म्हणाले, "सूनबाई, या पेपरात पोरगी नापास नाही झाली. मी झालो. हे सूत्र माझं आहे. सहा वर्षांची होती तेव्हापासून मीच तिच्या डोक्यात बसवलंय."

"असं काय बोलता, बाबा," प्रतिमा म्हणाली.

"खरं ते बोललं पाहिजे. आमच्या रस्त्यावर सूत्र बरोबर होतं, कारण गाडी चालती असायची. ते मी तिला सांगितलंच नाही. अर्धंच शिकवलं."

अवंती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आजोबा, सूत्र चुकीचं नाही आहे. बस, छोटे टुकड़ों में लावून बघू. मला वाटतं, बनेल."

परीक्षा दहा दिवसांवर आली होती. रविवारी सगळेच डुमन्याला गेलो. अवंतीचे वडील यशोधन, जे रेल्वेच्या कचेरीत असतात आणि कशावरच पटकन विश्वास ठेवत नाहीत, तेही स्कूटर घेऊन आले. ते उडण्याच्या खांबाशी थांबले. त्यांच्या अलीकडे अवंती. सुरुवातीच्या बाजूला गौतम. टोकाला बापूसाहेब आणि मी. चौघंही एकाच फोन-कॉलवर. बापूसाहेबांनी फक्त माझ्याकडे बघून आकडे म्हणायचे आणि ज्याच्यासमोर विमान असेल त्यानं खांब धरायचा. पहारेकऱ्यानं आज स्वतःहून खुर्ची आणून दिली होती.

त्याच जातीचं विमान होतं. ते हललं, मी सुटलो. "दहा," बापूसाहेब म्हणाले. विमान गौतमच्या जवळच होतं. "वीस." अवंतीनं पळत जाऊन एक खांब पकडला. "तीस," आणि तिकडून यशोधन म्हणाले, "उडालं."

खांब मोजले. पहिल्या दहा सेकंदांत शंभर मीटर. वीस सेकंदांत चारशे. तीस सेकंदांत नऊशे. दोन-चार मीटर इकडेतिकडे, ते फोनच्या उशिराच्या खात्यावर टाका.

बापूसाहेबांनी खुर्चीवर बसून वही उघडली. आपलंच जुनं सूत्र त्यांनी प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं लावलं. पहिल्या दहा सेकंदांत शंभर मीटर, म्हणजे सेकंदाला दहा. दुसऱ्या दहांत तीनशे, म्हणजे तीस. तिसऱ्या दहांत पाचशे, म्हणजे पन्नास.

"दहा, तीस, पन्नास," ते म्हणाले. "म्हणजे दर दहा सेकंदांनी वीसनं वाढून राहिला. सेकंदाला दोन."

"आणि पन्नास तर शेवटच्या दहा सेकंदांचा मधला आहे, आजोबा," अवंती म्हणाली. "मधून टोकाला जायला अजून पाच सेकंद. पाच दुणे दहा. टोकाला साठ."

"साठ," बापूसाहेब म्हणाले. "ताशी दोनशे सोळा."

गौतमनं समाधानानं मान डोलावली. "हाँ, अब उड़ेगा."

बापूसाहेब हसले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. पुस्तक बरोबर होतं, सूत्रही बरोबर होतं, मीही बरोबर होतो. चूक कुठे होती ते सापडलं होतं, आणि सापडलेल्या चुकीएवढा हलका पदार्थ जगात दुसरा नसावा. त्यांनी मला सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि म्हणाले, "माफ कर, दोस्ता." तेवढं पुरे होतं मला.

पुढचे दहा दिवस आजोबा आणि नात एकाच टेबलावर बसले. फॉर्म्युले तेच होते जे फळ्यावर होते, पण आता त्यांना अर्थ होता. यू म्हणजे आधी काय होतं. ए म्हणजे दर सेकंदाला किती वाढून राहिलं. टी म्हणजे किती सेकंद लागले. व्ही म्हणजे शेवटी काय झालं. व्ही बरोबर यू अधिक ए टी, म्हणजे जे होतं त्यात जेवढं वाढलं ते मिळवा. गणित वाचलं की अवंती आधी एकच गोष्ट विचारायची, उभं होतं की चालतं? बापूसाहेबांनी लाल पेनानं खोडलेली चारही उत्तरं पुन्हा लिहिली आणि खाली सही केली, कारखान्यात चूक दुरुस्त केल्यावर करायचे तशी.

परीक्षेच्या दिवशी मला आत न्यायची परवानगी नव्हती. शाळेची घंटा झाली तेव्हा फाटकाबाहेर झाडाखाली उभ्या बापूसाहेबांनी नकळत माझी कळ दाबली. माझा छोटा काटा तीसच मिनिटं मोजतो. त्यानं सहा फेऱ्या घातल्या. मधे एकदा माझी किल्ली उतरत आली, ती त्यांनी दिली.

अवंती बाहेर आली. उन्हानं आणि भीतीनं चेहरा लाल झाला होता. "विमान आलं होतं," ती म्हणाली. "उडायला पन्नासचा वेग पाहिजे, दर सेकंदाला अडीच वाढतो, धावपट्टी सहाशे मीटर. विचारलं होतं, पुरेल का?"

बापूसाहेबांनी श्वास रोखला. मीही.

"पुरते, आजोबा. पाचशेत उडतं. शंभर मीटर उरतात."

बापूसाहेब झाडाच्या पारावर खाली बसले. "चलो," ते म्हणाले, "उरले न. बस झालं."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. सत्तरपैकी सत्तेचाळीस. प्रतिमानं मोबाइल दोनदा पुसून पाहिला, मग देवापुढे साखर ठेवली, आणि मग अवंतीला जवळ घेऊन बराच वेळ उभी राहिली. कॉमर्सचं नाव कुणी काढलं नाही. घरभर असं काही मोकळं झालं की खणातल्या बामच्या बाटलीलाही ते जाणवलं असेल. मी मात्र आता खणात नव्हतो, अवंतीच्या टेबलावर होतो.

यशोधन हातात कागद घेऊन बसले होते. आनंद झाला तरी हिशोब केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. ते म्हणाले, "मार्चचे एकोणीस, आत्ताचे सत्तेचाळीस. तरी सरासरी तेहतीसच येते, बाबा."

बापूसाहेब म्हणाले, "सरासरी नको काढू, यशोधन. मार्चात पोरगी उभी होती. आत्ता कशी चालून राहिली ते बघ."

मित्रांनो, माझं आता फार वय झालं. मला रोज थोडी किल्ली द्या, धुळीपासून जपा, आणि उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून लगेच मला दोष देऊ नका. बाकी मागणं एकच आहे. मोजायला कुणालाही घ्या, ट्रक घ्या, विमान घ्या, वर्गात मागे पडलेलं एखादं पोर घ्या. कळ दाबण्याआधी ते उभं आहे की चालतंय, एवढं नीट बघून घ्या. उभं असेल तर त्याला घाईघाईनं भागून मोकळे होऊ नका. तुम्ही ज्याला तीस म्हणून वहीत लिहिता, ते तेव्हा साठनं धावत असतं.